आई मंजूर, बाबा चौकशीत

मुलीचा फोन रात्री साडेनऊला येतो. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. २०२२च्या फेब्रुवारीतल्या एका रात्री तिने जेवलात का, गोळ्या घेतल्या का, असलं काही न विचारता थेट विचारलं, "बाबा, तुमच्या लग्नाचं सर्टिफिकेट कुठं आहे?"

"कसलं सर्टिफिकेट?"

"मॅरेज सर्टिफिकेट. तुमचं आणि आईचं."

स्वयंपाकघरातून आमची ही ओरडली, "तिले म्हना, तूच हायेस आमचं सर्टिफिकेट!"

मुलगी हसली, पण विषय हसण्यावारी गेला नाही. ती आदल्या वर्षी अमेरिकेची नागरिक झाली होती. नागरिक झालेल्या, २१ वर्षं पूर्ण केलेल्या मुलाला आपल्या आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. भावाबहिणींना बोलावलं तर वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं लागतं, आईवडिलांना तशी रांग नाही. मात्र अर्ज दोघांचा वेगवेगळा. नवऱ्याच्या अर्जात बायको आपोआप येत नाही. आय-१३० नावाचा फॉर्म दोनदा भरायचा, फी दोनदा भरायची, तेव्हा प्रत्येकी ५३५ डॉलर.

इथवर ठीक होतं. पुढचं ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. आईसाठी अर्ज करताना मुलीचा जन्मदाखला पुरतो, कारण त्यावर आईचं नाव आहे. बापासाठी अर्ज करताना जन्मदाखला तर हवाच, वर आईबापाच्या लग्नाचा दाखलाही हवा. कुणाच्या पोटी जन्म झाला ते जन्मदाखला सांगतो. बाप कोण, ते कायदा लग्नावरून धरून चालतो.

३४ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. पोरांच्या दाखल्यावर बापाचं नाव घालताना एकाही बापाला लग्नाचा कागद विचारला नाही. आणि आता मलाच कोणी विचारत होतं.

*

आमचं लग्न ६ मे १९७४चं. तारीख अशी झटकन सांगतोय खरा, पण त्या रात्री ती आम्हा दोघांनाही सांगता आली नव्हती. "बुद्धपौर्णिमेला झालं" एवढंच ठाऊक. घरातली सगळी लग्नं अशीच लक्षात राहिलेली: कुणाचं बुद्धपौर्णिमेला, कुणाचं कापूस निघाल्यावर, कुणाचं मोठा पूर आला त्या साली.

लग्न हिच्या माहेरी लागलं, कुही तालुक्यात, वैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका लहानशा खेड्यात. शाळेपुढच्या मोकळ्या जागेत मांडव. टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन मेणबत्त्या, पांढरी फुलं. शेजारच्या गावचे एक गुरुजी समता सैनिक दलात होते, त्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, आम्ही हार घातले, जयमंगल अष्टगाथा झाली. अर्ध्या तासात लग्न आटोपलं आणि दुपारी तीनपर्यंत बुंदी-भात-वांग्याच्या भाजीच्या पंगती उठत होत्या. होम नाही, फेरे नाहीत. माझे वडील १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर होते. मी सहा वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर होतो म्हणतात, मला आठवते ती फक्त धूळ. त्यानंतर आमच्या घरात लग्नं अशीच लागली.

फोटोग्राफर नव्हता. पत्रिका छापली होती, पण ती हिच्या माहेरच्या ट्रंकेत होती आणि ती ट्रंक गाव सोडताना कुठं गेली कोण जाणे. कारण ते गाव आता नाही. गोसेखुर्द धरण, १९८८ साली राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं, त्याच्या पाण्याखाली गेलं. माणसं पुनर्वसनाच्या गावात आली, नाव तेच ठेवलं, पण शाळा दुसरी, रस्ते दुसरे, पडवीपुढचा कडुनिंब नाही. ही तिकडे जायला फारशी राजी नसते.

अमेरिकेच्या कागदपत्रांत एक तत्त्व आहे, ते मुलीने मला समजावलं: लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध असलं, की साधारणपणे तेही ते वैध धरतात. मी म्हटलं, "जिथं लागलं तिथं आता चाळीस फूट पाणी असेल." ती म्हणाली, "बाबा, पाण्याला कायदा लागू नसतो, महाराष्ट्राला असतो. नोंदणी करून घ्या."

*

महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८च्या कायद्याने होते. खेड्यात ग्रामसेवक करतो, शहरात महापालिकेच्या ऑफिसात. अर्जाला 'नमुना ड' म्हणतात. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, नवराबायकोच्या सह्या, तीन साक्षीदारांच्या सह्या, आणि लग्न लावणाऱ्याची सही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने लग्नाची नोंदणी सक्तीची करा म्हणून राज्यांना सांगितलं, त्यानंतरच्या पोरांना हे सगळं पाठ आहे. आमच्या पिढीत नोंदणी म्हणजे ज्याचं लग्न घरच्यांना मंजूर नाही त्याने करायची गोष्ट.

कोणत्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. खिडकीतला मुलगा तिशीचा असेल. त्याने माझा फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "काका, लग्नाची तारीख २०१४ना?"

"१९७४."

त्याने मागे वळून साहेबाकडे पाहिलं. साहेब उठून आले. मग आमच्या लग्नाची चौकशी त्या खिडकीत सुरू झाली. मागे रांगेत नवीन लग्न झालेली जोडपी, हिरवा चुडा, मेंदी, आणि पुढे आम्ही दोघं, माझ्या हातात काठी आणि हिच्या हातात गुडघ्याच्या एक्स-रेची पिशवी, कारण तिथून पुढे डॉक्टरकडे जायचं होतं.

पहिली अडचण 'पुरोहित' या रकान्याची. ज्या गुरुजींनी लग्न लावलं ते १९९६ला वारले. "मग सही कोण करणार?" मी म्हटलं, "त्यांच्या मुलाकडून मृत्यूचा दाखला आणतो, बाकीचं मी प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो." ते चालेल म्हणाले. मग प्रश्न आला, "सप्तपदी झाली होती का? कायद्यात सातवं पाऊल लिहिलंय."

मास्तरला असं विचारू नये. पण मला नेमकं कलम माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

दुसरी अडचण मोठी होती. हिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै १९५६. साहेबांनी बोटावर हिशेब केला. "मे १९७४. म्हणजे मॅडमचं वय सतरा वर्षं दहा महिने. काका, हा तर बालविवाह झाला."

रांगेतल्या एका नव्या नवरीने तोंडावर रुमाल धरला. आमची ही एकदम म्हणाली, "काहून जी, मी काय पाळण्यातून उठून आली होती का?"

आता या १ जुलैबद्दल सांगायला हवं. आमच्या वयाच्या कुणाचाही शाळेचा दाखला काढा, १ जून किंवा १ जुलै. पोरगं शाळेत आणलं, बापाला तारीख ठाऊक नाही, मास्तर वय अंदाजाने धरतो आणि सत्र सुरू व्हायची तारीख टाकतो. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्राचा कायदाच १९६९चा. मी स्वतः किती जणांना १ जुलैला जन्माला घातलंय त्याची गणतीच नाही. कुणा मास्तरानं हिला घातलं, त्याचं फळ आज मला मिळत होतं. बहुधा ही त्याआधी वर्षभर तरी जन्मलेली असावी, कारण तिची आई सांगायची की ही झाली तेव्हा धाकट्या मामाचं लग्न होतं. पण मामाच्या लग्नाचीही नोंद नाही.

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात माझा एक विद्यार्थी वकिली करतो. चौथीत पाढे म्हणताना तो नेहमी सतराच्या पाढ्यात अडकायचा, हे मी त्याच्या अशिलांसमोर कधी सांगत नाही. त्याने चहा मागवला, संगणकावर शोधाशोध केली आणि दोन कागद छापून दिले.

"गुरुजी, हिंदू विवाह कायदा १९५५चा. दुसऱ्या कलमात बौद्धही येतात, त्यामुळे तुमचं लग्न याच कायद्यात. सातवं कलम काय म्हणतं? दोघांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाला म्हणजे लग्न झालं. सप्तपदी जिथं विधीचा भाग असेल तिथंच सातव्या पावलाचा प्रश्न. आता वयाचं बघा. मुलीला १८ आणि मुलाला २१ हे १९७८च्या दुरुस्तीनं आलं. १९७४ला मुलीचं वय १५ आणि मुलाचं १८ पुरत होतं. आणि समजा वय कमी असतंच, तरी तेवढ्यानं लग्न रद्दबातल होत नाही."

"मग तो साहेब?"

"तो आजचा कायदा बघतोय. तुमचं लग्न त्या दिवशीच्या कायद्यानं बघायचं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे सगळ्या प्रकरणात तेच उपयोगी पडलं. ज्यांच्या आईवडिलांची लग्नं १९७८च्या आधीची आहेत, त्यांनी हे आधी वाचून मगच खिडकीवर जावं.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी ते दोन कागद नीट वाचले, "हे आम्हाला कधी लागलंच नाही हो" म्हणाले, आणि फॉर्म घेतला. साक्षीदार म्हणून हिचा थोरला भाऊ, माझा चुलतभाऊ आणि एक शेजारी. तीन आठवड्यांनी दाखला हातात आला. विवाहाचा दिनांक ६ मे १९७४, नोंदणीचा दिनांक एप्रिल २०२२. घरी आल्यावर हिने तो दोनदा वाचून घ्यायला लावला आणि विचारलं, "म्हंजे आतापावतर आपण काय होतो?"

*

मधल्या काळात नावाचं प्रकरण निघालं. माहेरी ही गोदा. लग्नात माझ्या वडिलांनी नाव बदलून सुजाता केलं. बुद्धांना खीर देणारी ती सुजाता. वडिलांना हे नाव फार आवडायचं, मुलगी झाली असती तर तिला ठेवणार होते, पण आम्ही पाचही भाऊच. शाळेच्या दाखल्यावर गोदा आणि वडिलांचं आडनाव. आधार, पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला, बँक, सगळीकडे सुजाता आणि माझं आडनाव. म्हणजे नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिन्ही बदललेली. इकडे कुणाला त्यात नवल वाटत नाही. तिकडे एका टेबलावर बसून फाईल उघडणाऱ्याला या दोन वेगळ्या बाया वाटणार, आणि त्याचं काय चुकलं?

गोदा आणि सुजाता एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. पण ते आम्ही आज केलेलं. जुना कागद कुठं मिळेल?

तो मिळाला माझ्याच सेवापुस्तकात. १९७६ला भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन भरलं होतं, त्यात माझ्याच अक्षरात: 'सुजाता (माहेरचे नाव गोदा), पत्नी.' कंस का घातला ते आठवत नाही. शाई निळी, कागद पिवळा, खाली गटशिक्षणाधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. साक्षांकित नक्कल मिळवायला तीन चकरा लागल्या, पण नऊ वर्षं तिथं स्वतःच मुख्याध्यापकांच्या बैठकीला जात होतो, त्यामुळे चहा मिळत गेला.

*

ऑगस्टमध्ये मुलीने दोन्ही अर्ज पाठवले आणि आम्ही विसरून गेलो. वर्ष गेलं. २०२३च्या सप्टेंबरात एकाच दिवशी दोन निकाल आले. हिचा अर्ज मंजूर. माझ्या अर्जावर आणखी पुरावा मागितलेला.

"आई मंजूर, बाबा चौकशीत," मुलगी फोनवर म्हणाली.

हिला एवढा आनंद मी तिच्या कोणत्याही परीक्षेच्या निकालाला पाहिला नव्हता, अर्थात तिने चौथीनंतर परीक्षा दिली नाही. "तुमी राहा घरी. मी जाऊन येतो पोरीकडं. डबा लावून घेजा." आठवडाभर आल्यागेल्याला हेच सांगत होती.

मागणीपत्रात लिहिलेलं मला तरी वाजवी वाटलं. लग्न १९७४चं, मुलगी १९७९ची, आणि दाखला २०२२चा. नोंदणी एवढ्या उशिरा झाली तर दाखला कोणत्या आधारावर दिला हे कळत नाही. म्हणून त्या काळातले कागद द्या, आणि लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्या किमान दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं द्या. मुदत साधारण बारा आठवडे, आणि उत्तर एकदाच द्यायचं, तुकड्यातुकड्याने नाही.

इथे मोह झाला, लपवत नाही. ओळखीतल्या एकाने एका एजंटाकडे नेलं. त्याने फाईल चाळली आणि म्हणाला, "काकाजी, पत्रिका पाहिजेना? छापून देतो. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली की पन्नास वर्षं जुनी दिसते. पंधराशे." नमुनाही दाखवला, कुणाच्या तरी लग्नाचा, खरंच जुना वाटत होता. मी दोन मिनिटं तो कागद हातात धरून बसलो. मुलीला फोन केला तर ती जवळजवळ किंचाळली. खोटा कागद सापडला तर तो अर्ज तर जातोच, पण खोटेपणाचा ठपका बसून दार कायमचं बंद होऊ शकतं. खरं लग्न झालेल्या माणसाने लग्नाचा खोटा पुरावा दिला म्हणून अडकावं, याहून मूर्खपणा नाही. बाहेर पडलो आणि रिक्षात बसल्यावर मला हसू आलं, की आपण आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या.

प्रतिज्ञापत्रासाठी धाकटा भाऊ पहिला पुढे झाला. "दादा, मी होतो की लग्नात." होता, पण चार वर्षांचा होता आणि मांडवाच्या कोपऱ्यात झोपला होता. साक्ष देणाऱ्याची जन्मतारीख प्रतिज्ञापत्रावर लिहावी लागते, त्यामुळे हे लपत नाही. हिचा थोरला भाऊ तेव्हा सव्वीसचा, तो चालला. दुसरी साक्ष हिच्या माहेरची शेजारीण, आम्ही सगळे तिला काकू म्हणतो, वय ८४, पुनर्वसनाच्या गावात नातवाकडे राहते.

तिला भेटायला गेलो तेव्हा ही बरोबर आली, पहिल्यांदाच स्वतःहून. काकू खाटेवर बसून होती. मी कामाचं सांगितलं. ती म्हणाली, "लगन? मीच तं पानी भरलं लगनात. साऱ्या पंगतीले. अन् या नवरदेवाचा चष्मा फुटला होता. मांडवात आला तं याले नवरीच दिसे ना. हार तिच्या मावशीच्या गळ्यात घालत होता."

ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. चष्मा फुटला होता हे खरं आहे. मावशीचं मला आठवत नाही.

वकिलाने मसुदा केला होता नेहमीचा: 'मी उभयतांना व्यक्तिशः ओळखते व त्यांचा विवाह रीतिरिवाजाप्रमाणे झाला.' मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, तिने सांगितलं तेच लिही. कुठं मांडव होता, पाणी कोणत्या विहिरीचं, लग्न कुणी लावलं, चष्मा, आणि ती आज कुठं राहते व का. "कोर्टात असं लिहीत नाहीत गुरुजी." "हे कोर्ट नाही. तिकडे बसलेल्या माणसाने हे गाव पाहिलेलं नाही आणि पाहूही शकणार नाही. त्याला दिसलं पाहिजे." त्याने लिहिलं. मावशी गाळली. काकूचा अंगठा शाईत बुडवताना तिने विचारलं, "याले पैसे तं नाही लागत ना मले?"

*

आणि मग गुंड.

काकूकडून परतताना एसटीत हिला आठवलं. मामाने लग्नात पितळी गुंड दिला होता, त्यावर नाव घातलेलं. घरी आलो, माळ्यावरून उतरवला. तीन कळशा पाणी मावेल एवढा, एका बाजूला पोचा पडलेला, गळ्याखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं. पण ४९ वर्षं चिंच आणि राख लावून घासलेला. अक्षरं बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. मी चिंच आणायला निघालो तर ही ओरडली, "घासू नका! आता घासलं तं गेलंच समजा."

मग तिने जे केलं ते मी कोणत्याच कागदपत्रांच्या माहितीत वाचलेलं नाही. तांदळाचं पीठ घेतलं, बोट ओलं केलं, पीठ अक्षरांवर चोळलं आणि वरचं पीठ कोरड्या फडक्याने हलकेच पुसलं. टिंबांत पीठ अडकून राहिलं. पितळेवर पांढरी अक्षरं हळूहळू उमटली:

गोदा हीस मामाकडून लग्नाची भेट ता. ६-५-७४

तारीख तिथे मिळाली आम्हाला. नोंदणीच्या वेळी मी जुन्या पंचांगावरून काढली होती, ती जुळली. सातावरचं पीठ तेवढं सारखं गळत होतं, तीनदा भरावं लागलं. खिडकीजवळ, दुपारच्या तिरप्या उन्हात, भाच्याने अकरा फोटो काढले.

मराठीतल्या प्रत्येक कागदासोबत इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने 'हे पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून सही करायची असते. सरकारमान्य भाषांतरकारच हवा असं नाही. भाच्याने ते काम घेतलं आणि मोबाइलकडून करून घेतलं. मुलीचा रात्री फोन. तिला हसताना बोलता येईना. "बाबा, यात लिहिलंय की मामाआजोबांनी आईला लग्नात एक पितळेचा मवाली भेट दिला."

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी समोर बसवलं आणि सगळी भाषांतरं शब्दाशब्दाने तपासली. 'पडवी' आणि 'पंगत' यांचंही काहीतरी भलतंच झालं होतं. मोबाइलवर विसंबून पाठवणाऱ्यांनी एकदा तरी घरातल्या म्हाताऱ्याला वाचायला द्यावं.

नोव्हेंबरात सगळं एकत्र गेलं: दोन प्रतिज्ञापत्रं, सेवापुस्तकातलं पान, १९८१चं रेशनकार्ड, एलआयसीची जुनी पॉलिसी, गुंडाचे चार फोटो आणि वकिलाने दिलेली ती दोन कलमं. जानेवारीत मंजुरी आली. कोणत्या कागदाने काम केलं ते मंजुरीत लिहीत नाहीत. ही म्हणते गुंडाने. मला वाटतं सेवापुस्तकाने. वकील अर्थातच कलमांचं नाव घेतो.

*

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. नॅशनल व्हिसा सेंटरची फी, मुलीच्या उत्पन्नाचे कागद, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस क्लिअरन्स, आमच्या दोघांच्या जन्माची 'नोंद आढळून येत नाही' अशी ग्रामपंचायतींची पत्रं. मुंबईत वैद्यकीय तपासणी. विदर्भ एक्स्प्रेसने गेलो, दादरला उतरलो, आणि दोन दिवस पुतण्याकडे राहून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीला उभे राहिलो. मराठीतून बोलता येत होतं.

खिडकीपलीकडे तरुण बाई होती. मुलीचं नाव, ती काय करते, तिकडे कुणाकडे राहणार, असं विचारलं. मग शाळेचा दाखला वर धरला आणि दुभाष्याने विचारलं, "ही गोदा कोण?"

मी सगळी फाईल पाठ करून गेलो होतो. प्रतिज्ञापत्राचा क्रमांक, नामनिर्देशनाचं साल, सगळं. तोंड उघडणार तेवढ्यात ही म्हणाली, "मीच. गावची."

दुभाष्याने ते कसं सांगितलं कळलं नाही. बाईने मान हलवली, काहीतरी टाइप केलं आणि आमचे पासपोर्ट ठेवून घेतले.

मार्चमध्ये निघायचं आहे. विमानात एका बॅगेला २३ किलो, त्यामुळे गुंड न्यायचा प्रश्न नाही. तो हिच्या भावजयीकडे ठेवून आलो. ती म्हणाली, किती काळा पडलाय, उद्याच चकचकीत करते. ही दारातून परत फिरली आणि तिला दोनदा बजावून आली की पाणी भर, काहीही कर, पण गळ्याखाली घासू नको.